पाठीमागे चाललेले पिक्चर

दादाने तेवीस वर्षं लांब पल्ल्याची रात्रीची बस चालवली, आणि त्या तेवीस वर्षांत जवळजवळ रोज त्याच्या पाठीमागे एक पिक्चर चालू असायचा. टीव्ही ड्रायव्हरच्या डोक्यामागे वर टांगलेला. चाळीस माणसं त्याच्याकडे तोंड करून बसलेली आणि एकटा दादा पाठ करून. त्याच्या वाट्याला समोरची काच, रस्ता आणि येणाऱ्या गाड्यांचे दिवे. पिक्चर नुसता कानावर पडायचा. गाणी, भांडणं, गोळीबार, हुंदके, सगळं त्याला तोंडपाठ. नट कसा दिसतो म्हणाल तर ठाऊक नाही. सुट्टीच्या दिवशी तो झोपायचा. थिएटरात जाऊन बसायची त्याला कधी फुरसत झाली नाही, आणि हौसही नव्हती असं तो म्हणायचा.

मग त्याच्या डाव्या पायातली ताकद गेली. एके दिवशी क्लच दाबलाच जाईना. दादाला वाटलं पाय आखडला असेल, तेल लावलं की होईल बरा. पण महिन्या-दोन महिन्यांत उजवा हातही दगा देऊ लागला. डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं की हा नसांचा आजार आहे, हळूहळू सगळं अंग लुळं पडणार, आणि यावर औषध नाही. दादाने गाडीच्या किल्ल्या मालकाला नेऊन दिल्या. वर्षभरात तो खुर्चीत आला आणि दीड वर्षात पलंगावर.

त्याचा धाकटा भाऊ त्याच्याहून नऊ वर्षांनी लहान. चाळिशी उलटली, पोट सुटलं, तरी घरात त्याला सगळे बारक्याच म्हणत. मार्केटच्या मागच्या गल्लीत, एका जिन्याखाली त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान एवढंसं, पण नाव मोठं. त्याच्या हाताखालून गेलेला कॉम्प्युटर पुन्हा दुरुस्तीला यायचा नाही. गिऱ्हाईक म्हणायचं, चालतंय ना, द्या आता. तो म्हणायचा, चालतंय आणि नीट चालतंय यात फरक आहे, परवा या. लोक कुरकुरत जायचे आणि परवा यायचे.

एका संध्याकाळी तो पलंगाशी उभा होता, तेव्हा दादा म्हणाला, "बारक्या, मला पिक्चर बघायचेत." तेव्हा दादाची जीभ जड झाली होती, पण सवयीच्या माणसाला बोलणं कळायचं.

"कुठले?"

"सगळे. मागे चालायचे ते."

बारक्याला आधी उमगलं नाही. उमगलं तेव्हा त्याने मान फिरवली आणि खिडकीची कडी उगाचच लावून काढली.

वहिनी म्हणाल्या, "माझ्या मैत्रिणीकडे एक टीव्ही पडून आहे. जुना आहे, पण चालतो. उद्या घेऊन येते."

"नको वहिनी. जुन्या टीव्हीवर काय दिसणार? मी करतो सगळं. एक छोटा कॉम्प्युटर बांधतो, त्यात सगळे पिक्चर भरून ठेवतो, समोर भिंतीवर चांगला टीव्ही. एकदाच करायचं, पण नीट करायचं."

दादा खूश झाला. त्याच्या चेहऱ्यावर अजून हसू उमटत होतं.

आधी यादी करायची होती, आणि तीच मोठी भानगड निघाली. दादाला नावंच माहीत नव्हती. तो पिक्चर आवाजावरून सांगायचा. "एकात म्हातारा हसतो आणि मग रडतो. दोन्हीचा आवाज सारखाच. हसणं कुठं संपलं, मला कधी कळलंच नाही. मागे गाडीतली माणसं गप्प झाली की समजायचं, आता रडतोय." किंवा, "तो गोळीबारवाला. बरोबर घाट चढताना गोळीबार सुरू. मी दुसऱ्या गियरमध्ये आणि मागे ठो ठो." बारक्याने शेवटी क्लीनरला बोलावलं. हा माणूस सोळा वर्षं दादाच्या बसवर होता. आता त्याचे केस पिकले होते आणि तो एका गोदामावर पहाऱ्याला बसायचा, पण सगळे त्याला अजून क्लीनरच म्हणत. तो पलंगाशी स्टूल ओढून बसला आणि दोन तास हलला नाही.

"उस्ताद, म्हाताऱ्याचा तो? अहो, तो मीच लावायचो मुद्दाम. तो लागला की मागे कुणी भांडायचं नाही."

एकोणतीस नावं निघाली. दादा त्या दिवशी थकला, पण कितीतरी दिवसांनी पोटभर जेवला.

बारक्याने आठवड्यात कॉम्प्युटर बांधला. छोटं कॅबिनेट, चांगला बोर्ड, मोठी डिस्क. तो पलंगाशेजारच्या टेबलावर आणून ठेवला आणि नुसता चालू करून बघितला. आतला पंखा फिरू लागला. स्वयंपाकघरात वहिनी काहीतरी परतत होत्या. त्यांनी गॅस बंद केला आणि तशाच उभ्या राहिल्या. मग बाहेर आल्या.

"भाऊजी, हा आवाज कायम राहणार का?"

"एवढासाच तर आहे."

"एवढासाच आहे, पण मला आतून यांचा श्वास ऐकावा लागतो. घशात लाळ अडकली की श्वासाचा आवाज बदलतो. मग मी धावत येते. या घरघरीत मला ते कळणार नाही."

बारक्याला स्वतःचीच लाज वाटली. एवढी साधी गोष्ट आपल्या लक्षात कशी आली नाही? त्याने तिथल्या तिथे कॉम्प्युटर बंद केला आणि काखोटीला मारला. "बिनपंख्याचा बांधतो. कॅबिनेटच सगळं जाड पत्र्याचं असतं, तेच उष्णता बाहेर टाकतं. टाचणी पडल्याएवढाही आवाज नाही."

"किती दिवस लागतील?"

"कॅबिनेट बाहेरून मागवावं लागेल. तीन आठवडे."

वहिनींनी दाराबाहेर बघितलं. "तोवर हाच पॅसेजमध्ये ठेवला आणि वायर लांब घेतली तर? दार लोटून घेतलं की आवाज नाही येणार."

हे सहज होण्यासारखं होतं. पंधरा फुटी वायर त्याच्या दुकानात खुंटीला लटकत होती. पण दारातून वायर जाणार, येता-जाता पाय अडकणार, दार नीट लागणार नाही, सगळं डोळ्याला खुपणार. तो म्हणाला, "वहिनी, तात्पुरतं काम मी करत नाही. तुम्हाला माहीत आहे."

वहिनींना माहीत होतं. त्या आत गेल्या.

टीव्हीच्या दुकानात तो पहिल्यांदा गेला तेव्हा एका ओळीत तीसेक टीव्ही लावलेले होते आणि सगळ्यांवर एकच समुद्र उसळत होता. दुकानातली विक्रेती, चष्मेवाली बाई, त्याच्या मागे मागे फिरत होती. तो प्रत्येक टीव्हीसमोर उभा राहायचा आणि मान डाव्या खांद्यावर टाकून बघायचा. मग त्याने बाईकडून एक बाक मागून घेतला, त्यावर आडवा झाला, गाल बाकाला टेकवला आणि तसाच बघत राहिला.

"साहेब, बरं वाटत नाही का?" बाईने विचारलं.

"बरा आहे मी. ज्याला बघायचं आहे तो असाच पडून बघणार आहे. डाव्या कुशीवरच झोपवायला सांगितलंय त्याला, लाळ श्वासनळीत जाऊ नये म्हणून. सरळ समोरून त्याला काही दिसायचं नाही."

बाई त्याच्याजवळ गुडघ्यावर बसली आणि मान वाकडी करून बघू लागली. "हा पुसट दिसतोय इथून," ती म्हणाली. "तो तिसरा बघा." मग तिने एक-एक टीव्ही त्याच्या बाजूने थोडा थोडा फिरवून दाखवला. बहुतेक टीव्ही बाजूने बघितले की रंग उडायचे, माणसांचे चेहरे राखेसारखे व्हायचे. एकच असा होता की कुठूनही बघा, चेहऱ्याचा रंग तोच. पण तो फार मोठा होता. पलंग ते भिंत अंतर सात फूट. एवढ्या जवळून एवढा मोठा पडदा म्हणजे डोळे दुखायचे. त्याचा लहान आकार पंधरा दिवसांत येणार होता.

"तोवर हा घेऊन जा," बाईने एका साध्या टीव्हीवर हात ठेवला. "इतका वाईट नाही. तुमचा आला की मी बदलून देईन. माझी जबाबदारी."

"भिंतीला एकदा भोकं पाडली की पाडली. थांबतो मी."

पंधरा दिवसांचे पंचेचाळीस झाले. माल पुढे ढकलला गेला होता. बारक्या रोज फोन करायचा. दुकानात गिऱ्हाईकाचं काम हातात असताना तो समोर टीव्हीच्या पॅनलची माहिती उघडून बसायचा. कुठल्यात काळा रंग खरा काळा दिसतो, कुठल्यात गोळीबाराच्या वेळी चित्र फाटत नाही, बिछान्यावरून आवाज कसा येईल. एकोणतीसच्या एकोणतीस पिक्चरच्या चांगल्यात चांगल्या प्रती त्याने शोधल्या. जिथे आवाज खरखरीत होता तिथे तो बसून साफ केला. जीव ओतून करणं म्हणतात ते हेच.

दादाकडे तो यायचा, पण टेप घेऊन. भिंतीची उंची मोजायची, पलंगापासूनचं अंतर मोजायचं, प्लग कुठे येईल ते बघायचं. सात फुटांचं अंतर त्याने चार वेळा मोजलं. दादाचे डोळे खोलीभर त्याच्या मागे फिरायचे.

"चहा घेऊन जा," वहिनी म्हणायच्या.

"पार्सल यायचंय दुकानात. पुढच्या वेळी."

सहाव्या आठवड्यात दादाचा आवाज गेला. नुसता घशातून हुंकार यायचा. वहिनींनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मोठ्या अक्षरात बाराखडी न काढता नुसती मुळाक्षरं लिहिली. त्या ओळीवरून बोट फिरवत न्यायच्या, हवं ते अक्षर आलं की दादा डोळे मिटायचा. काना, मात्रा, वेलांटी काही नाही, नाहीतर एका शब्दाला अर्धा तास लागायचा. प न म्हणजे पाणी. उ श म्हणजे उशी नीट कर. बाकीचं अंदाजाने. वहिनींचा अंदाज सहसा चुकायचा नाही.

नवव्या आठवड्यात, मंगळवारी, टीव्ही भिंतीवर चढला. बारक्याने पाणसळ लावून तो केसाएवढाही तिरका नाही हे बघितलं. बिनपंख्याचा कॉम्प्युटर टेबलावर ठेवला. खरोखरच कसला म्हणून आवाज नव्हता. चालू आहे की बंद, तेही हात लावल्याशिवाय कळायचं नाही. दुपारी पडदे ओढून त्यांनी म्हाताऱ्याचा पिक्चर लावला.

दादाने कितीतरी वेळ पापणीसुद्धा हलवली नाही. म्हातारा पडद्यावर आला, आणि त्याच्या पहिल्याच हसण्यावर दादाच्या घशातून हुंकार निघाला. डोळे अक्षरांच्या तक्त्याकडे गेले. वहिनींनी बोट फिरवलं. ज. ड.

"जाडा?" वहिनींनी विचारलं. "तुम्हाला काय वाटलं होतं, बारीक आहे?"

दादाने डोळे मिटले. हो. तेवीस वर्षं त्याच्या मनातला म्हातारा काडीसारखा होता. त्याचं अंग आतून गदगदत होतं. दादा हसत होता. वहिनीही पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. पुढे म्हाताऱ्याचं हसणं संपून रडणं सुरू झालं, तेव्हा दादाला ते दिसलं. त्याच्या उजव्या डोळ्यातलं पाणी नाकावरून उशीत गेलं. वहिनींनी ते पुसलं नाही.

बारक्या हे सगळं दारातून बघत होता. त्याचं लक्ष दुसरीकडेच होतं. ओठ आणि आवाज यांत किंचित अंतर पडतंय असं त्याला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी गोळीबारवाला लावला. सुरू होऊन वीस मिनिटं झाली आणि बारक्याची खात्री पटली. आवाज एक पाऊल मागे होता. दुसऱ्या कुणाला ते कळलंही नसतं. त्याने पिक्चर थांबवला, टेबलामागे वाकला, काहीतरी बदललं, पुन्हा सुरू केला. दोन मिनिटांनी पुन्हा थांबवला. टीव्हीच्या मागे हात घातला, वायर काढून दुसरी लावली. पिक्चर ऐन गोळीबारात अडकला होता. बारक्या कधी पडद्याच्या अलीकडे, कधी पलीकडे.

दादाने हुंकार दिला. वहिनींनी तक्ता धरला. ब. स.

"बास," बारक्या म्हणाला. "दमला असेल. काल पण दोन तास झाले. बरं दादा, बंद करतो. आवाजाचं मी आज दुकानात बघून ठेवतो, उद्या येऊन पाच मिनिटांत नीट करून देतो."

त्याने टीव्ही बंद केला, स्क्रूड्रायव्हर पिशवीत टाकले आणि चपला घातल्या. वहिनी तक्ता हातात धरून दादाच्या डोळ्यांकडे बघत होत्या. त्या काहीतरी म्हणणार होत्या, पण तोवर जिन्यावर बारक्याची पावलं वाजू लागली होती.

गुरुवारी दुकानात एका शाळेचे सहा कॉम्प्युटर एकदम आले आणि त्याला निघता आलं नाही. संध्याकाळी दादाला ताप भरला. रात्रीतून छातीत घरघर वाढली आणि पहाटे अ‍ॅम्ब्युलन्स बोलवावी लागली. हॉस्पिटलात त्याच्या तोंडावर मास्क होता आणि डोळे मिटलेले. तक्ता वहिनींनी घडी करून पर्समध्ये आणला होता, तो उघडायची वेळ आली नाही. सोमवारी दुपारी दादा गेला.

बारक्याने जे करायचं ते सगळं केलं. कागदपत्रं, फोन, धावपळ. कुठे काही कमी पडू दिलं नाही. लोक म्हणाले, भाऊ असावा तर असा. ते ऐकलं की तो उठून दुसऱ्या कामाला लागायचा.

तीन आठवड्यांनी तो टीव्ही काढून न्यावा का, हे विचारायला आला. भाड्याने आणलेला पलंग परत गेला होता. फरशीवर त्याच्या पायांचे चार फिकट चौकोन उरले होते. वहिनी जमिनीवर बसून कपाटातले कपडे घड्या घालत होत्या.

"वहिनी," तो उभ्या उभ्याच म्हणाला, "त्याने दीड पिक्चर बघितला. एकोणतीसपैकी दीड." त्याला वाटलं होतं की त्या म्हणतील, जाऊ द्या भाऊजी, तेवढं तरी बघायला मिळालं.

वहिनी म्हणाल्या, "हो. उशीर झाला."

त्या शर्टाच्या बाह्या सरळ करत होत्या.

"मी मैत्रिणीचा टीव्ही आणते म्हटलं होतं. पॅसेजमध्ये ठेवा म्हटलं होतं. तुम्ही मनापासून करत होता हे मला दिसत होतं, म्हणून पुढे बोलले नाही. बोलायला हवं होतं."

"माझंच चुकलं."

"टीव्हीचं जाऊ द्या." त्यांनी घडी बाजूला ठेवली. "त्या बुधवारी ते बास म्हणत नव्हते. मलाही तेव्हा नक्की कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अंग पुसताना त्यांनी तक्त्याकडे बघितलं. ब, र, क. मी म्हटलं, बारक्या? हो म्हणाले. मग ब, स, ल. मग न. तेवढं सांगायला त्यांना पाऊण तास लागला, दोनदा श्वास अडकला. बारक्या बसला नाही."

बारक्या तसाच उभा राहिला.

"तुम्हाला बस म्हणत होते," वहिनी म्हणाल्या. "पिक्चर काय, त्यांना सगळे पाठच होते. तुम्ही शेजारी बसून बघावा एवढंच होतं. नऊ आठवडे तुम्ही आलात की खोलीभर फिरायचात."

त्याला काहीतरी सांगायचं होतं. पार्सल यायचं होतं, माल पुढे ढकलला होता, आवाज एक पाऊल मागे पडत होता. आणि बोलायला तोंड उघडलं तेव्हा त्याला कळलं की यातलं काही खरं नव्हतं. खरं एवढंच होतं की दादाच्या त्या चेहऱ्याकडे त्याला पाच मिनिटंही बघवत नव्हतं. ज्या माणसाने त्याला खांद्यावर बसवून शाळेत नेलं होतं, तो माशी हाकलायला दुसऱ्याची वाट बघायचा. पॅनलकडे बघता यायचं. टेपकडे बघता यायचं. काम जितकं लांबेल तितके दिवस त्याच्याकडे दादाकडे यायला कारण होतं, आणि दादाजवळ न बसायलाही तेच कारण होतं. म्हणून नऊ आठवडे त्याचं काम संपत नव्हतं.

"मला बघवत नव्हतं, वहिनी," तो म्हणाला.

"मलाही बघवत नव्हतं," वहिनी म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता आणि माफीही नव्हती.

तो भिंतीला टेकून खाली घसरला आणि रडला. मोठ्या माणसाचं रडणं वाईट दिसतं, नाक वाहतं, आवाज फुटतो. वहिनी उठून स्वयंपाकघरात गेल्या. त्यांनी नळ सोडला आणि धुतलेलीच दोन भांडी पुन्हा धुतली. बऱ्याच वेळाने त्या बाहेर आल्या, त्याच्यापुढे चहाचा कप ठेवला आणि पुन्हा कपड्यांपाशी बसल्या.

"टीव्ही राहू दे एवढ्यात," त्या म्हणाल्या. "काढल्यावर भिंत कशी दिसेल ते मला आत्ता बघायचं नाही. उद्या क्लीनर येणार आहेत, त्यांना यांचे शर्ट द्यायचे आहेत. माप सारखंच आहे. चार वाजता या."

दुसऱ्या दिवशी तो चार वाजता आला. क्लीनर आधीच आला होता आणि दादाचा एक निळा स्वेटर मांडीवर घेऊन बसला होता. तिघांनी मिळून कपडे वेगळे केले. कुठला शर्ट कुठल्या गाडीवर असताना घेतला, हे क्लीनर सांगत होता. बारक्याच्या खिशात फोन वाजत होता, दुकानातून असावा. तो त्याने बाहेर काढला नाही. सहाच्या सुमाराला वहिनींनी दिवा लावला आणि शेवटची पिशवी बांधली. क्लीनरने ती उचलली, दारात थांबून स्वेटरचं काय म्हणून विचारलं. वहिनी बारक्याकडे बघून म्हणाल्या, "तो भाऊजींना होणार नाही. तुम्हीच न्या."